सोसायटीत कचऱ्याचे डबे नक्की ठेवायचे कुठे? नियम आणि प्रत्यक्ष

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात ४२ फ्लॅटची सोसायटी, दोन विंग, तुम्ही तळमजल्यावर. कमिटीने कचऱ्याचे दोन मोठे डबे तुमच्या बेडरूमच्या खिडकीखाली आणून ठेवलेत आणि विचारायला गेलं की "कॉर्पोरेशनचा नियमच आहे, डबे गेटजवळ लागतात" असं उत्तर मिळतं. वरच्या मजल्यांवरचे लोक रात्रीच पॅसेजमध्ये पिशव्या ठेवतात. आता काही मेंबर म्हणतायत की डबे सरळ गेटबाहेर फुटपाथवर ठेवू म्हणजे कटकट मिटेल. यातलं नियमात काय बसतं, आणि नवीन चाकाचे डबे घ्यायचेच तर केवढे घ्यायचे.

मी महापालिकेच्या घनकचरा खात्यात आरोग्य निरीक्षक होतो, आता निवृत्तीनंतर सोसायट्यांना याच कामात मदत करतो, त्यामुळे कागदावरचं आणि जमिनीवरचं दोन्ही सांगतो. उत्तर लांब होईल कारण हा विषय दोन ओळीत सांगितला की लोक अर्धवट वापरतात आणि मग भांडणं होतात.

पहिली गोष्ट, डबे गेटजवळच पाहिजेत असा नियम केंद्राच्या नियमांत कुठेही नाही. कोणी असं म्हणालं तर शांतपणे विचारा की कुठल्या नियमात आहे ते दाखवा. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले (८ एप्रिल २०१६ ची अधिसूचना), आणि आता १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी २०२६ चे नवीन नियम आलेत. दोन्हींचा रोख एकच आहे की कचरा ज्याच्या घरात तयार होतो त्याने तो वेगवेगळा करायचा, वेगवेगळा साठवायचा, आणि ठरलेल्या कचरा उचलणाऱ्याच्या हातात द्यायचा. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात, नाल्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. आधी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते, नवीन नियमांत चार झालेत, ओला, सुका, सॅनिटरी म्हणजे डायपर पॅड वगैरे, आणि चौथा विशेष काळजीचा, म्हणजे बल्ब, ट्यूब, रंगाचे डबे, जुनी औषधं असलं सगळं. म्हणजे नियम तुम्हाला साठवायचं कसं ते सांगतो. आवारात कुठल्या कोपऱ्यात, हे सोसायटीने ठरवायचं आहे, आणि "सोसायटीने" म्हणजे सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी, सेक्रेटरींनी वॉचमनला सांगून नाही.

फुटपाथचं मात्र नियमात एकदम स्पष्ट आहे, तिथे डबे ठेवता येत नाहीत. फुटपाथ ही सार्वजनिक जागा आहे, तिथला डबा हा तुमच्या सोसायटीचा डबा राहतच नाही, येणारा जाणारा त्यात टाकतो, शेजारचा हॉटेलवाला टाकतो, कुत्री ओढतात, आणि चार दिवसांत ती कचराकुंडी होते. पुण्यात रस्त्यावरचे कंटेनर आणि कुंड्या हलवायला खात्याने किती वर्षं घालवली ते मी आतून बघितलंय. एकेक कंटेनर हलवल्यावर त्या जागी लोकांनी कचरा टाकायचं थांबवावं म्हणून आमची माणसं सकाळी सहापासून तिथे उभी असायची, रांगोळ्या काढायची, कुंड्यांत झाडं लावायची. तेव्हा तुमच्याच गेटबाहेर नवीन कुंडी तयार करू नका एवढं कळकळीने सांगतो. दंडाची पावती सोसायटीच्या नावाने फाटेल ते वेगळंच.

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले मेंबर बऱ्याचदा सांगतात की तिकडे तर सगळे डबे रस्त्याच्या कडेलाच ठेवतात. बरोबर आहे, पण तिथला डबा बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा उचलला जातो, गाडीचा यांत्रिक हात तो उचलतो म्हणून तो कडेला लागतो, आणि त्यातही आदल्या संध्याकाळी बाहेर काढायचा, गाडी येऊन गेली की परत आत घ्यायचा, एरवी रस्त्यावरून दिसेल असा ठेवायचा नाही, असे नियम बऱ्याच गावांत असतात. न्यूयॉर्कने तर इतकी वर्षं फुटपाथवर काळ्या पिशव्या ठेवू दिल्या आणि उंदरांनी हैराण झाल्यावर १२ नोव्हेंबर २०२४ पासून एक ते नऊ घरांच्या इमारतींना झाकणाचे डबे सक्तीचे केले. आपल्याकडे उचलणारं माणूस आहे आणि ते रोज येतं, त्यामुळे तिकडचा नमुना इकडे उचलून आणायची गरजच नाही.

आणि हेच मला मुख्य सांगायचंय. डब्याची जागा ठरवताना लोक "कोणाला दिसणार नाही" एवढंच बघतात. खरं म्हणजे कचरा कोण उचलतं, किती वाजता उचलतं आणि कुठल्या वाटेने बाहेर नेतं हे आधी बघायचं, जागा त्यावरून आपोआप ठरते. तुमच्या भागात बहुतेक स्वच्छ संस्थेच्या ताई येत असतील. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये झाली, तिच्यातून स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून दारोदारी कचरा गोळा करायला लागली. या ताई ढकलगाडीवर बकेटा घेऊन फिरतात, एका सकाळी बऱ्याच सोसायट्या करतात, पुढे फिडर पॉइंटला, म्हणजे जिथे कचरा महापालिकेच्या मोठ्या गाडीत टाकतात तिथे, गाडीची वेळ गाठायची असते. तुमचा डबा बेसमेंटच्या उतारावर खाली असेल, किंवा दोन पायऱ्या चढून मागच्या बाजूला असेल, तर त्यांना तो रोज ओढत आणावा लागतो. एक दिवस ओढतील, रोज कसं जमेल? मग डबा अर्धा रिकामा होतो, तळाला ओलं तसंच राहतं, वास सुटतो आणि मग "कचरेवाली नीट काम करत नाही" अशी तक्रार आमच्याकडे यायची. जाऊन बघितलं की जागाच चुकलेली असायची.

आता तुमच्या खिडकीचं. खिडकीपासून अमुक फूट लांब असा आकडा मी नियमात वाचलेला नाही, पण राहत्या घराच्या खिडकीला लागून ओल्या कचऱ्याचा डबा ठेवणं कुठल्याही निरीक्षकाला पटणार नाही. माझा स्वतःचा हिशोब असा की कुठल्याही खिडकीपासून किमान १५ फूट, आणि जागा नसेलच तर जिथे खिडकीच नाही अशा भिंतीला, म्हणजे जिन्याच्या मागची आंधळी भिंत किंवा कंपाउंड वॉल. वाऱ्याची दिशा पण बघा, हे कोणी बघत नाही. पुण्यात पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो आणि वास सगळ्यात जास्त तेव्हाच असतो, त्यामुळे डबे बिल्डिंगच्या पूर्वेला किंवा ईशान्येला असले तर वास बिल्डिंगपासून लांब जातो, पश्चिमेला असले तर सगळ्या खोल्यांत शिरतो. पूर्वेला शेजारची बिल्डिंग अगदी चिकटून असेल तर त्यांचाही विचार करा, तुमचा वास त्यांच्या घरात सोडून प्रश्न सुटलेला नसतो.

जागा पक्की करायच्या आधी बिल्डिंगचा मंजूर नकाशा काढून बघा. बऱ्याच नवीन सोसायट्यांच्या नकाशात कचऱ्यासाठी किंवा खत प्रकल्पासाठी जागा दाखवलेली असते आणि नंतर तिथे कोणाची तरी गाडी लागते किंवा वॉचमनचं सामान असतं. तशी जागा सापडली तर अर्धं भांडण तिथेच संपतं कारण ती कोणाच्या मर्जीची जागा नसते.

जिथे अजिबात ठेवायचं नाही ते पण सांगतो. जिन्याखाली, मीटर बोर्डाशेजारी, जनरेटरजवळ, लिफ्टच्या दारात, फायरच्या पाईपांच्या डक्टमध्ये, आणि हल्ली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जिंग पॉइंट असतात त्यांच्याजवळ. सुक्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, थर्माकोल असतं, ते भडकायला एक थोटूक पुरतं. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, त्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी चं प्रमाणपत्र द्यावं लागतं की यंत्रणा चालू स्थितीत आहे. जिना आणि पॅसेज मोकळा असणं हा त्यातला गाभा आहे. आग लागल्यावर धुरात माणूस चाचपडत खाली येतो, तेव्हा पायात आलेला डबा जीव घेऊ शकतो. म्हणून पॅसेजमधल्या पिशव्यांबद्दल मी जरा कडक आहे. रात्री पिशवी दारात ठेवली की मांजर फाडते, उंदीर वर चढायला शिकतात, आणि झुरळं एका फ्लॅटमधून दुसऱ्यात जातात. ताई मजल्यावर येऊन घेत असतील तर सकाळी त्यांच्या वेळेला पंधरा वीस मिनिटं आधी डबा दारात, पिशवी नाही, झाकणाचा डबा, आणि रिकामा झाला की आत. ज्यांना सकाळी लवकर निघायचं असतं त्यांनी जाताना स्वतः खाली मोठ्या डब्यात टाकून जावं. काही जुन्या टॉवरमध्ये कचऱ्याचा चूट असतो, वरून टाकलं की खाली पडतं. तो असेल तर बंद करून सील करा, त्यात ओलं सुकं एकत्र होतंच आणि आतून तो कोणी धुवू शकत नाही.

आता डब्यांचं माप, यात सगळ्यांचं चुकतं. कमिट्या उत्साहाने २४० लिटरचे दोन चाकाचे डबे आणतात, ओल्याला हिरवा, सुक्याला निळा, आणि आठवड्यात निळा ओसंडून वाहतो आणि हिरवा हलत नाही. कारण बघा. चार माणसांच्या घरातून रोज साधारण पावणेदोन ते दोन किलो कचरा निघतो, ४२ घरांचा ७५ ते ८० किलो धरा. त्यात निम्म्याहून जास्त ओला, म्हणजे ४५ किलोच्या आसपास. ओला कचरा जड आणि दाबून बसणारा, ४५ किलो ओला शंभर सव्वाशे लिटरमध्ये मावतो. सुका तीसच किलो असला तरी फुगलेला असतो, खोके, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, त्याला तीनशे साडेतीनशे लिटर जागा लागते. म्हणजे वजन ओल्याचं आणि जागा सुक्याची. शिवाय २४० लिटरचा डबा ओल्याने भरला तर शंभर किलोच्या वर जातो, एका बाईला तो ढकलणं शक्य नाही आणि उचलून गाडीत ओतणं तर नाहीच. म्हणून ओल्यासाठी १२० लिटरचे दोन घ्या, प्रत्येक विंगला एक, आणि सुक्यासाठी २४० चे दोन. सॅनिटरीसाठी एक छोटा ६० लिटरचा, झाकण पायाने उघडणारा. गणपती दिवाळीत सुक्याचं प्रमाण खूप वाढतं, त्या पंधरा दिवसांसाठी खोके सपाट करून दोरीने बांधून भिंतीला उभे ठेवा, नवीन डबा घ्यायची गरज नाही.

२४० लिटरचा डबा साधारण साडेतीन फूट उंच, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल असतो, पुढे झाकण उघडायला आणि माणूस उभं राहायला तीन फूट सोडा. तुम्हाला मिळून ओळीत बारा बाय सहा फुटांची जागा लागेल, एका कारच्या पार्किंगपेक्षा कमी. चाकं मोठी आणि रबरी घ्या, पेव्हिंग ब्लॉकवर छोटी प्लास्टिकची चाकं तुटतात.

खाली ओटा करा, चार सहा इंच उंच, कोटा फरशीचा किंवा गुळगुळीत सिमेंटचा, एका बाजूला उतार, आणि चढवायला छोटा रॅम्प. वर पत्र्याचं किंवा फायबरचं छप्पर पाहिजेच, कारण पावसाचं पाणी ओल्या कचऱ्यात गेलं की जे काळं पाणी गळतं त्याचा वास धुऊन जात नाही, आणि उन्हात प्लास्टिकचे डबे दोन तीन वर्षांत ठिसूळ होऊन फाटतात. ओट्याचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडा, जाळी लावून. पावसाळी गटाराला जोडू नका. हा फरक प्लंबरला ठणकावून सांगावा लागतो, कारण त्याला जे जवळ असेल ते तो जोडतो. ड्रेनेज मैलापाण्याच्या लाइनला जातं, पावसाळी गटार सरळ ओढ्यात आणि पुढे मुळा-मुठेत जातं, म्हणजे तुम्ही रोज डबा धुतलेलं पाणी नदीत सोडता.

धुणं आठवड्यातून किमान दोनदा. माशीचं अंडं साधारण एका दिवसात फुटतं आणि उकाड्यात आठ दहा दिवसांत नवीन माशी तयार होते, त्यामुळे डब्याच्या तळाचा चिकट थर आठवडाभर राहिला की माश्या हटत नाहीत, मग कितीही फवारणी करा. ब्लीचिंग पावडर चालते, पण एक गोष्ट वॉचमनला आणि हाऊसकीपिंगच्या माणसाला समोर उभं करून सांगा, ब्लीचिंग आणि संडासचं ऍसिड एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत माणूस गुदमरतो. धुतल्यावर डबा उलटा करून वाळवा. झाकणात, टायरमध्ये, नारळाच्या करवंटीत पाणी साठलं की डेंग्यूचा डास होतो, तो स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो. आणि उंदीर असतील तर पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) धोका असतो, उंदराचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून ताई रोज अनवाणी किंवा चपलेत चालतात, त्यांच्या पायाला भेग असेल तर तो आजार त्यांना होतो. ओट्याभोवती पाणी साठू न देणं हे त्यांच्या आरोग्याचं काम आहे.

वास कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय घराच्या आत आहे. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकला की आत हवा जात नाही, तो कुजतो आणि पिशवी फुटली की घाण वास येतो. डब्याला आतून वर्तमानपत्र लावा, पाणी निथळून मगच टाका, पातळ आमटी ताक त्यात ओतू नका. खालच्या मोठ्या डब्यात रोज सकाळी तळाला दोन ओंजळी सुकी पानं किंवा कोकोपीट टाकायला सांगा, ओल शोषली जाते. मासळी कोळंबीची साफसफाई रविवारी होते आणि उचलायला सोमवार उजाडतो, तर ती टरफलं कागदात गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी टाका. हे मी ज्या ज्या घरांना सांगितलं त्यांना आधी विचित्र वाटलं पण करायला लागल्यावर सोडलं नाही.

सॅनिटरीचं वेगळं लिहितो कारण इथे माणसाच्या हाताचा प्रश्न आहे. पुण्यात कचरावेचक बायकांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली, वापरलेला पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही. किती साधी गोष्ट आहे. २०१६ च्या नियमात हे गुंडाळून सुक्याच्या डब्यात टाकायला सांगितलं होतं, आता वेगळा भागच आहे, म्हणून वेगळा डबा. फुटलेली काच, ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर "काच" असं लिहा. ज्यांच्या घरी इन्सुलिन चालू आहे त्यांनी सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवून झाकण लावून, चिठ्ठी चिकटवून, वेगळ्या द्याव्यात. मी या कामात असताना सगळ्यात जास्त जखमा सुई आणि काचेच्याच बघितल्यात, आणि सुई लागलेल्या माणसाला पुढचे कित्येक महिने तपासण्यांच्या टांगत्या तलवारीखाली काढावे लागतात. मोबाईलच्या, पॉवर बँकच्या, खेळण्यांच्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात टाकू नका, कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबणाऱ्या गाडीत, दाबल्या गेल्या की त्या पेट घेतात. टोकांना टेप लावून कमिटी ऑफिसात एका बरणीत जमवा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

सुक्या कचऱ्याबद्दल एक अवघड गोष्ट आहे पण बोलतो. काही सोसायट्या चांगला पुठ्ठा, बाटल्या, रद्दी वेगळी काढून भंगारवाल्याला विकतात आणि ताईंना उरलेली वेफर्सची पाकिटं देतात. कायद्याने तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण ताईंचं उत्पन्न महिन्याची फी आणि या विकल्या जाणाऱ्या सुक्यावर चालतं. चांगलं काढून घेतलं तर त्यांनी तुमच्या चार मजल्यांचा ओला कशासाठी उचलायचा? तुमच्या सुक्याच्या डब्याला कुलूप लावायचा विचार कोणी मांडला तर त्याला हे विचारा, आणि कुलूप लावायचंच असेल, रात्री बाहेरचे लोक उपसतात म्हणून, तर एक किल्ली ताईंकडे द्या. त्यांना सुकं वेगळं करायला सकाळी अर्धा तास सावलीत जागा आणि हात धुवायला नळ दिलात तर तुमच्या डब्यांची जागा कायम स्वच्छ राहते, हा माझा अनुभव आहे.

बागेची पानं आणि फांद्या या डब्यांत येत नाहीत. एका कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करून त्यात पानं टाका, वर्षभरात खत होतं. जाळायची नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये भरपाई लावलेली आहे. फ्लॅटमध्ये टाइल्स फोडल्या की निघणारा राडारोडा पण वेगळा, तो ज्याचं काम चालू आहे त्याने पोत्यात भरून स्वतःच्या पार्किंगमध्ये ठेवायचा आणि महापालिकेच्या राडारोडा व्यवस्थेकडे पाठवायचा. कमिटीने काम सुरू करायची परवानगी देतानाच हे लिहून घ्यावं. निर्माल्याला वेगळी टोपली, त्यातल्या प्लास्टिकच्या माळा काढून.

तुमची सोसायटी मोठी कचरा निर्माण करणारी ठरते का, हे पण बघून घ्या कारण तसं असेल तर ओला कचरा आवारातच जिरवायची जबाबदारी येते. नवीन नियमांत तीन कसोट्या आहेत आणि एक लागू झाली तरी पुरे, बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त, रोजचा पाणीवापर ४०,००० लिटर किंवा जास्त, किंवा रोजचा कचरा १०० किलो किंवा जास्त. तुमचं ४२ घरं, १६८ माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर साधारण २२,७०० लिटर पाणी, कचरा ८० किलोच्या आत. म्हणजे तुम्ही सध्या बाहेर आहात. पण ७५ फ्लॅटची सोसायटी याच हिशोबाने कचऱ्याच्या कसोटीत बसते आणि पाण्याच्याही, आणि हे अनेक कमिट्यांच्या लक्षातच आलेलं नाही, म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांनी आपापला कचऱ्याचा आणि पाण्याचा हिशोब एकदा मांडून बघा, पाण्यात टँकर धरून. तुम्ही सक्तीत नसलात तरी खत करा असं मी सुचवेन, ओला बाहेर जायचाच थांबला तर खिडकीखालच्या डब्याचा प्रश्नच उरत नाही. पुण्यात गांडूळ खत प्रकल्प चालू असेल तर मिळकत करात ५ टक्के सवलत मिळते, सोबत सोलर किंवा पावसाचं पाणी साठवणं असेल तर १० टक्के. प्रकल्प चालू स्थितीत पाहिजे, तपासणी होते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी ताईंशी बोला. कमिटीच्या आधी. त्यांना विचारा कुठे ठेवलं तर तुम्हाला सोपं जाईल, त्या बहुतेक एका मिनिटात योग्य जागा दाखवतील. मग दोन तीन मेंबरना घेऊन आवारात फिरा, सकाळी उचलायच्या वेळी आणि एकदा रात्री दहाला. खिडकीखालच्या डब्यांचे फोटो काढा, झाकण उघडं, पाणी गळतंय, असं जे असेल ते, तारखेसकट. मग सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्यात फक्त तक्रार लिहू नका, पर्यायी जागा नकाशावर खूण करून द्या. नुसत्या तक्रारीवर कमिटी बचावाच्या पवित्र्यात जाते, पर्याय दिला की चर्चा करावी लागते.

सभेत ठराव करताना तो मोघम नको. डबे कुठल्या जागी, ओटा आणि छपराचा खर्च कशातून, डबे धुणार कोण आणि कुठल्या वारी, ताई येण्याची वेळ, पॅसेजमध्ये रात्री कचरा ठेवायचा नाही, चारही भाग वेगळे द्यायचे, आणि न देणाऱ्याला आधी काय सांगायचं आणि नंतर काय वसूल करायचं, हे सगळं त्यात आलं पाहिजे. महापालिकेचा दंड सोसायटीच्या नावावर येतो, तो ज्या मेंबरमुळे आला त्याच्याकडून वसूल करायचा असेल तर तसा ठराव आधी झालेला पाहिजे, नंतर केलेला टिकत नाही. भाडेकरूंना नियमांची एक प्रत लीव्ह अँड लायसन्सच्या कागदांबरोबर द्या. बरेच भाडेकरू शिस्तीत वागतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कमिटी ऐकतच नसेल तर तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात घनकचरा विभागाच्या आरोग्य निरीक्षकांना लेखी अर्ज करा, किंवा महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर फोटोसकट टाका. अर्जात "डबे हलवा" असं लिहिण्यापेक्षा जे नियमात थेट बसतं ते लिहा, म्हणजे वर्गीकरण होत नाही, झाकण नाही, सांडपाणी उघड्यावर येतं, डास माश्या होतात. डबे हलवायचा आदेश देणं निरीक्षकाला अवघड जातं, पण अस्वच्छतेची नोटीस तो लगेच देऊ शकतो, आणि नोटीस आली की जागेचा विषय सभेपुढे येतोच. निरीक्षक आले की त्यांना सकाळी उचलायच्या वेळेला बोलवा. दुपारी डबे रिकामे असतात, तेव्हा बघून काही कळत नाही.